वय मुलीचे, होकार कोणाचा?

मुलीच्या लग्नाच्या वयाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा फार लवकर शरीयत विरुद्ध सरकार या वळणावर जाते. एक बाजू म्हणते, मुलगी वयात आली की निकाहला शरीयतची परवानगी आहे, सरकारने त्यात पडू नये. दुसरी बाजू म्हणते, मुसलमान मागासच आहेत, त्यांना कायद्याचा बडगा दाखवा. टीव्हीवाल्यांना तासाभराचा कार्यक्रम मिळतो. ज्या मुलीबद्दल हे सगळे चालते, तिला मात्र कोणी काही विचारत नाही.

याच्याच शेजारी आता दुसरी एक मागणी जोर धरते आहे. सज्ञान मुलामुलींनी स्वतःच्या मर्जीने लग्न करायचे असेल, तरी आईवडिलांची संमती सक्तीची करा, अशी ती मागणी. जुलै २०२३ मध्ये गुजरातचे मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले, की प्रेमविवाहाला पालकांची संमती आवश्यक करणे घटनेच्या चौकटीत बसते का, याचा अभ्यास करू. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'आंतरधर्मीय विवाह–परिवार समन्वय समिती' नेमली होती. अशा लग्नांची माहिती घेणे आणि मुलीचा माहेरच्यांशी संपर्क घडवून आणणे, हे त्या समितीचे काम. मुलगी सज्ञान आहे, तिने मागितलेले नाही, तरी शासन तिच्या आणि तिच्या माहेराच्या मध्ये उभे.

पहिली मागणी आपल्यातून येते. दुसरी बहुधा आपल्या विरोधात बोलणाऱ्यांकडून येते. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर मजकूर एकच आहे: निर्णय मुलीचा नसून घरातल्या मोठ्यांचा. आमचे म्हणणे असे, की लग्नाचे वय आणि पालकांची संमती हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ते एकाच तराजूचे दोन पल्ले आहेत. कायद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट दिसते, आणि त्याची पुष्कळशी पाने मुंबई-पुण्यातच लिहिली गेली आहेत.

१८६४: मुंबई हायकोर्टातला एक निकाह

सुरुवात आपल्याच एका खटल्यापासून करू. इस्लामी कायद्याच्या सुन्नी परंपरेत चार प्रमुख मजहब आहेत. आपल्या महाराष्ट्रात दख्खनचा मुसलमान बहुतांशी हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. लग्नाच्या बाबतीत या दोघांत मोठा फरक आहे. हनफी मताप्रमाणे वयात आलेली, समजती मुलगी आपला निकाह स्वतः करू शकते. वलीने, म्हणजे वडील किंवा पालकाने, तिच्या वतीने बोलणे चांगले, पण त्याच्यावाचून निकाह अडत नाही. शाफई मताप्रमाणे वलीशिवाय तिचा निकाहच होत नाही.

मुंबई हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांत हा फरक त्याच्यापुढे आला. 'मोहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद' हा तो खटला. शाफई घरातल्या, वयात आलेल्या एका मुलीने हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला होता. तो वैध आहे का? कोर्टाने सांगितले, वयात आलेल्या मुलीला मजहब निवडण्याचा हक्क आहे आणि हनफी मताप्रमाणे केलेला तिचा निकाह वैध आहे. पुढे कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल अनेकदा उद्धृत झाला. खटल्याच्या नावात मात्र दोन पुरुष आहेत. जिच्या होकारावर सगळे अवलंबून होते, ती शीर्षकात नाही.

हा निकाल आजही अभिमानाने सांगावा असा आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी २१ वर्षांखालच्या मुलामुलींना चर्चमध्ये लग्न करायचे तर वडिलांची संमती लागे. १७५३ च्या कायद्याने ती सक्ती आणली होती आणि तिच्यातून सुटण्यासाठी जोडपी पळून स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीन गावी जाऊन लग्न लावत. इंग्रजांनी इथे जे विवाह कायदे केले, त्यांत हाच नियम उतरला. पारशांचा १८६५ चा कायदा, ख्रिस्ती विवाहाचा १८७२ चा कायदा, आणि त्याच वर्षीचा विशेष विवाहाचा पहिला कायदा, तिन्हींत २१ च्या आत वडिलांची किंवा पालकाची संमती. विशेष विवाह कायद्यात तर मुलीचे किमान वय १४ होते. म्हणजे चौदापासून एकविसापर्यंत सात वर्षे होकार बापाचा, संसार मुलीचा.

कायद्याने वय खाली ठेवले, की मधली रिकामी जागा पालकाच्या सहीने भरावी लागते. हे सूत्र लक्षात ठेवू, कारण ते पुढे वारंवार येणार आहे.

रखमाबाई, केसरी आणि सुधारक

हिंदू समाजात तेव्हा ही जागा पूर्णपणे पालकांच्या ताब्यात होती. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात ते उलटले आणि मार्च १८८७ मध्ये निकाल आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचे कळवले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली.

रखमाबाईंचा मुद्दा साधा होता. समज नसताना दुसऱ्यांनी लावलेल्या लग्नाला मी बांधील कशी? पुण्याला हा मुद्दा झेपला नाही. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीका केली. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि बाजू विवेकाची घेतली.

तेवढ्यात कोलकात्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने मृत्यू झाला. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहा वर्षे होते, आणि मुलगी दहाच्या वर असल्याने नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसत नव्हता. मुंबईचे बेहरामजी मलबारी १८८४ पासून या विषयावर रान उठवत होतेच. जानेवारी १८९१ मध्ये संमतिवयाचे विधेयक मांडले गेले, मार्चमध्ये मंजूर झाले. दहाचे बारा वर्षे झाले, एवढेच. पण त्या दोन वर्षांसाठी पुणे दुभंगले.

त्या वादातली दोन उत्तरे आज आपल्याला उपयोगी आहेत. रा. गो. भांडारकर यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडून दाखवले, की उशिरा लग्नाला शास्त्राची आडकाठी नाही. आगरकरांचे म्हणणे असे, की शास्त्रात असो वा नसो, जे अन्यायाचे आहे ते सोडलेच पाहिजे. दोघे एकाच विधेयकाच्या बाजूने उभे होते. टिळकांना मुलींची लग्ने उशिरा व्हावीत हे मान्य होते. मुलींसाठी सोळा आणि मुलांसाठी वीस वर्षांची मर्यादा ज्यांना पटेल त्यांनी स्वतःवर घालून घ्यावी, असे त्यांनीच सुचवले होते. त्यांचा विरोध परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता.

ओळखीचे वाटते ना? 'सुधारणा हवी, पण आतून. सरकारकडून नको' हे वाक्य आपण आपल्या जमातींच्या बैठकांत किती वेळा ऐकतो! सव्वाशे वर्षांपूर्वी ते सदाशिव-शनिवार पेठेत म्हटले गेले. त्यात काही तथ्य आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्या सरकारच्या हेतूंवर शंका येणारच. पण आतली सुधारणा येईपर्यंत दरम्यानच्या मुलींचे काय, या प्रश्नाला त्या भूमिकेकडे तेव्हाही उत्तर नव्हते.

सारडा कायदा: सर्वांना एक

जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. परिषद शिक्षणासाठी होती, पण शिक्षणाबद्दल बोलायचे तर बालविवाहाबद्दल बोलावे लागते, हे तिथे जमलेल्या स्त्रियांना ठाऊक होते. त्यांनी त्याविरुद्ध ठराव केला. त्याच वर्षी हरबिलास सारडा यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले, ते मुळात फक्त हिंदूंसाठी. सरकारने अमरावतीचे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती देशभर फिरली. विधेयकाची व्याप्ती सर्व धर्मांपर्यंत वाढली आणि १९२९ मध्ये ते मंजूर झाले. मुलीसाठी १४, मुलासाठी १८.

मुसलमानांना यातून वगळा, अशी मागणी तेव्हा जोरात झाली. उलेमांचा विरोध होता, मौलाना मोहम्मद अलींचाही होता. पण त्याच सभागृहात मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जिना विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. अशा घातक प्रथेला धर्माचा आधार असेल हे आपण मानत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जिनांच्या पुढच्या राजकारणाबद्दल आपले मत काहीही असो, या प्रश्नाचे दोन्ही पल्ले त्यांनी स्वतः पाहिले होते. रतनबाई पेटिट यांच्याशी त्यांचे लग्न ठरले तेव्हा त्या अल्पवयीन होत्या. वडील सर दिनशा पेटिट यांनी कोर्टाकडून मनाई आणली. रतनबाई अठरा पूर्ण होईपर्यंत थांबल्या आणि एप्रिल १९१८ मध्ये वडिलांच्या विरोधात त्यांनी निकाह केला. अठराच्या आत बापाचे ऐकावे लागले, अठरानंतर नाही.

सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर, सर्व धर्मांत, घाईघाईने लहान मुलींची लग्ने उरकली गेली. शिवाय कायदा मोडला तर दंड होई, लग्न मात्र पक्के राही. मुलीला त्यातून सुटका नव्हती.

ती सुटका पहिल्यांदा देणारा कायदा कोणता? १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. वडिलांनी किंवा पालकाने पंधराच्या आत लावून दिलेला निकाह, संबंध आलेला नसेल तर, मुलीने अठरा पूर्ण होण्यापूर्वी नाकारावा आणि कोर्टातून विच्छेद मिळवावा. फिकहमध्ये याला खियार-उल-बुलूग म्हणतात. हनफी परंपरेत वडिलांनी किंवा आजोबांनी लावलेला निकाह सहसा नाकारता येत नसे. या कायद्याने वडिलांचा निर्णयही अंतिम राहिला नाही. म्हणजे या देशात 'बापाने दिलेला होकार माझा नव्हे' असे म्हणण्याचा लेखी हक्क मुसलमान मुलीला अनेकींच्या आधी मिळाला. आपण हा वारसा का सांगत नाही?

१९७८ चा सौदा

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही १५ च ठेवले आणि १५ ते १८ दरम्यानच्या वधूसाठी पालकाची संमती घातली. कोणाची संमती आधी, कोणाची नंतर, याची लांबलचक यादी त्यात होती. पुन्हा तेच सूत्र: वय खाली, म्हणून मधे पालक.

१९७८ मध्ये मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ झाले. त्याच दुरुस्तीने पालकांच्या संमतीचे ते कलम हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकले. कारण आता त्याची गरजच उरली नाही. अठराच्या आत कोणाचीच संमती चालत नाही, बापाचीही नाही. अठरानंतर तिची स्वतःची पुरते, बापाची लागत नाही. हा या देशातल्या मुलींशी झालेला सौदा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला तरच त्याला अर्थ आहे.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. लग्नाच्या वेळी अल्पवयीन असलेल्या व्यक्तीला, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, ते लग्न कोर्टातून रद्द करून घेता येते. लग्न लावणाऱ्याला, मग तो भटजी असो की काझी, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक फट बुजवली: पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार.

एक खरी अडचण

या कायद्यात मुसलमानांना वगळलेले नाही. पण १९३७ च्या शरीयत कायद्याशी त्याचे नाते काय, हेही त्यात लिहिलेले नाही. म्हणून उच्च न्यायालये वेगवेगळे सांगतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १६ वर्षांच्या मुस्लिम मुलीचा निकाह वैध मानला. त्याच वर्षी कर्नाटक आणि केरळच्या उच्च न्यायालयांनी सांगितले, की पॉक्सो कायद्यापुढे व्यक्तिगत कायद्याची ढाल चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहांवर सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या, पण हा प्रश्न सोडवला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरियाणाच्या निकालाविरुद्ध बालहक्क आयोगाने केलेली याचिका त्याने फेटाळली. आयोगाला तसा अधिकार नाही, असे सांगून.

आमच्या भूमिकेवरचा सर्वात वजनदार आक्षेप इथेच आहे आणि तो टाळून चालणार नाही. पंजाबच्या प्रकरणातली मुलगी बालगृहात होती. आपण स्वतःच्या मर्जीने निकाह केला, असे ती कोर्टाला सांगत होती. तिच्यासाठी 'वयात आली की निकाह करता येतो' हा नियम बापाच्या विरोधातला आधार ठरला, जसा तो १८६४ मध्ये मुंबईत ठरला होता. मग तो नियम मुलीच्या बाजूचा नाही का?

त्या एका मुलीपुरता आहे. पण तोच नियम जिला काही विचारलेच नाही अशा मुलीलाही लागू होतो, आणि कागदावर या दोघी सारख्याच दिसतात. दोघींच्या निकाहनाम्यावर सही असते. कोर्टापर्यंत पोहोचते ती धीट, पळालेली मुलगी. दहावीची परीक्षा देण्याआधी लग्न लावून दिलेली मुलगी कोर्टात पोहोचत नाही. ती तीन वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या नोंदीत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आधीच्या फेरीत ते प्रमाण २६.३ टक्के होते. पाचातली एक मुलगी. या सगळ्या मुसलमान नाहीत, हे सांगायला नको. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडावर जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्न असतो. आपल्या मोहल्ल्यांत कारणे थोडी वेगळी, पण मूळ तेच: गरिबी, असुरक्षितता, दूरची शाळा, आणि वयाबरोबर वाढत जाणारा हुंडा. टाळेबंदीत घरातल्या घरात, मोजक्या माणसांत उरकता येते म्हणून लागलेली लग्ने आपण पाहिली आहेत.

पळालेल्या मुलीलाही वाचवायला हवे, यात शंका नाही. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमावर चिडलेल्या पालकांनी पॉक्सोचा गुन्हा नोंदवायचा आणि मुलाने तुरुंगात जायचे, हे न्यायाचे नाही. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली पाहिजे. तिला जबरदस्तीने घरी पाठवू नये, सुरक्षित निवारा मिळावा, शिक्षण चालू राहावे. तिचे संरक्षण व्हावे म्हणून सोळाव्या वर्षीचा निकाह पक्का करण्याची गरज नाही.

राहिला धर्माचा प्रश्न. सूरह निसामधली सहावी आयत अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती कधी द्यावी हे सांगते. निकाहच्या वयाला पोहोचणे एवढेच तिला पुरेसे नाही; समज आली आहे हे पारखायला ती सांगते. घर-जमीन सांभाळायला समज लागते आणि आयुष्य सांभाळायला लागत नाही, असा अर्थ कसा काढायचा? आणि खन्सा बिन्त खिदाम (रजि.) यांचा प्रसंग आपल्याला माहीत आहे. वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह लावला, त्यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली आणि तो निकाह रद्द झाला. मोरोक्कोने २००४ मध्ये वय १८ केले आणि त्याच कायद्यात सज्ञान स्त्रीला वलीशिवाय निकाहचा हक्क दिला. दोन्ही पल्ले एकत्र. तिथेही न्यायाधीशाच्या परवानगीची फट ठेवली आणि पालकांनी तिचाच वापर केला. बांगलादेशाने २०१७ मध्ये 'विशेष परिस्थिती'त, पालकांच्या संमतीने आणि कोर्टाच्या आदेशाने, अठराच्या आत लग्नाला वाट ठेवली. इंग्लंडमध्ये तर सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लग्न करता येई. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाले. जिथे पालकाच्या सहीची फट असते तिथून मुलगीच आत ढकलली जाते, मग धर्म कोणताही असो.

दुसरा पल्ला

आता अठरानंतरचे. केरळच्या हादिया प्रकरणात २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने चोविशीतल्या, शिकलेल्या स्त्रीचे लग्न रद्द केले आणि तिला वडिलांच्या ताब्यात दिले. लग्नाचा निर्णय आईवडिलांच्या सहभागानेच व्हावा, अशी त्यामागची धारणा होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. त्याच महिन्यात शक्ती वाहिनीच्या याचिकेवर निकाल आला: दोन सज्ञान व्यक्ती लग्नाला तयार असतील तर कुटुंबाची, जमातीची, कुळाची संमती लागत नाही. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात मात्र एकत्र राहणाऱ्या जोडप्यातले कोणी २१ च्या आतले असेल तर पालकांना कळवायची तरतूद आली आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मुलीचे वय २१ करण्याचे विधेयक मांडले होते. लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले. आम्ही त्याला पाठिंबा देत नाही. अठराव्या वर्षी ती मत देते, करार करते, नोकरी धरते. तिच्या लग्नाचे वय २१ केले तर मधली तीन वर्षे पुन्हा पालकांच्या हाती जातील. मुलामुलींचे वय सारखे हवे हे खरे. विधी आयोगाने २००८ मध्येच दोघांसाठी १८ सुचवले आहे.

हादियासाठी आपण रस्त्यावर बोललो. समन्वय समितीवर टीका केली. ते योग्यच होते. पण सज्ञान मुलीचा निर्णय तिचाच, असे म्हणणाऱ्या समाजाने सोळा वर्षांच्या मुलीचा निर्णय अब्बांचा आहे असे म्हटले, तर आपले कोण ऐकेल? अठरा ही रेषा आपल्या मुलींचे रक्षण दोन्ही बाजूंनी करते. ती एका बाजूने पुसायची आणि दुसऱ्या बाजूने टिकावी अशी अपेक्षा करायची, हे जमणार नाही.

आपल्या हातात काय आहे

कोर्टाची आणि संसदेची वाट न पाहता कोंढव्यात, मोमिनपुऱ्यात, कॅम्पात, हडपसरात उद्यापासून करता येतील अशा गोष्टी आहेत.

निकाह पढवण्यापूर्वी दोघांच्या वयाचा पुरावा पाहावा: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. नुसत्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. मशिदीच्या ट्रस्टने तसा ठराव करून तो फलकावर लावला, तर इमामसाहेबांवर एकट्याने 'नाही' म्हणण्याची पाळी येणार नाही. नातेवाइकांचा दबाव काय असतो, हे त्यांनाच ठाऊक.

मुलीची इजाजत घ्यायला वकील आणि साक्षीदार जातात, तेव्हा खोलीत मामू, चाचा, खाला, शेजारणी असे पंधराजण असतात आणि तिचे खाली घातलेले डोके म्हणजे होकार धरला जातो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात आता हे चालत नाही. फॉर्ममधली संमतीची चौकट आधीच टिक केलेली ठेवता येत नाही, आणि माणसाने काहीच निवडले नाही तर ते 'हो' धरता येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट कृतीनेच दिली पाहिजे असे सांगितले आहे. एखाद्या अ‍ॅपला मोबाइल नंबर देताना जेवढी स्पष्टता आपण मागतो, तेवढी निकाहात तरी मागू. मुलीशी एक-दोन जबाबदार स्त्रियांनी आदल्या दिवशी एकांतात बोलावे. निकाहनामा तिने तिला समजणाऱ्या भाषेत आधी वाचावा. मेहर किती, अटी कोणत्या, हे तिला माहीत असावे. आणि ती 'नाही' म्हणाली, तर मंडप सजला आहे म्हणून तिला समजवायला कोणी बसू नये.

निकाह झाल्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी वेळेत करावी. नोंदणी लांबवली जात असेल तर त्यामागे वयाची अडचण आहे का, हे जमातीने विचारावे. कुठे अल्पवयीन मुलीचे लग्न ठरत असेल तर १०९८ वर कळवता येते. हे कळवणे म्हणजे समाजाची बदनामी, असे मानणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की बदनामी लग्नाने होते, फोनने नाही.

आईवडिलांचा सल्ला हवाच. त्यांची दुआ हवी, अनुभव हवा, शंका असेल तर ती बोलून दाखवण्याचा हक्कही त्यांना आहे. पण सल्ला हा संमतीपत्राचा रकाना नाही. त्या रकान्यात एकच सही चालते, आणि ती करण्याइतकी मोठी होईपर्यंत मुलीला शाळेत ठेवणे हे आपले काम आहे.